कवटीतील धातूची पट्टी : नरी कॉन्ट्रॅक्टर, वेल्लोर आणि १९६२ चा एक चेंडू

१७ मार्च १९६२. वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस बेटावर, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानात भारतीय संघ यजमान बेटाच्या संघाविरुद्ध खेळत होता. हा कसोटी सामना नव्हता. दोन कसोट्यांच्या मध्ये येणारा सरावाचा सामना होता. भारताचा कर्णधार सलामीला उतरला होता. समोर चार्ली ग्रिफिथ नावाचा तेवीस वर्षांचा उंच, धिप्पाड वेगवान गोलंदाज होता. तोवर तो केवळ एक कसोटी खेळलेला होता. त्याचा एक चेंडू कर्णधाराच्या उजव्या कानाच्या वर आदळला आणि कवटीला तडा गेला. पुढचे सहा दिवस तो कर्णधार बेशुद्ध होता.

त्या कर्णधाराचे नाव नरिमन जमशेदजी कॉन्ट्रॅक्टर. क्रिकेटच्या इतिहासात ही घटना बहुधा दोन ओळींत आटोपते : चेंडू लागला, फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले, कसोटी कारकीर्द संपली. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. परंतु त्या जखमी कवटीची कथा बार्बाडोसमध्ये संपत नाही. ती तामिळनाडूतील एका मिशन रुग्णालयापर्यंत जाते, मुंबईच्या पंचरंगी क्रिकेटपर्यंत मागे जाते आणि पुण्या-सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरांनाही स्पर्श करते.

आधी माणूस समजून घेणे अगत्याचे आहे. कॉन्ट्रॅक्टर यांचा जन्म ७ मार्च १९३४ रोजी गोध्रा येथे एका पारशी कुटुंबात झाला. १९५२ साली गुजरातकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि त्याच सामन्यात दोन्ही डावांत शतके झळकावली : १५२ आणि नाबाद १०२. पदार्पणाच्या सामन्यात असा पराक्रम तोवर ऑस्ट्रेलियाच्या आर्थर मॉरिस यांच्याखेरीज कोणालाच साधला नव्हता. हा डावखुरा सलामीवीर दिसायला फार देखणा खेळत नसे. खेळपट्टीवर ठाण मांडून राहणे, अंगावर चेंडू घेणे आणि गोलंदाजाला थकवणे हा त्याचा पिंड होता.

याचा दाखला १९५९ च्या लॉर्ड्स कसोटीत मिळतो. इंग्लंडच्या ब्रायन स्टॅथम यांचा चेंडू बरगड्यांवर बसला आणि दोन बरगड्या मोडल्या. छातीवर पट्ट्या नव्हत्या, हेल्मेट ही वस्तू जन्मालाच आलेली नव्हती, मांडीचे संरक्षण म्हणजे बहुतेकांसाठी एखादा दुमडलेला टॉवेल. मोडक्या बरगड्यांनिशी कॉन्ट्रॅक्टर खेळत राहिले आणि ८१ धावा करून परतले. त्याच वर्षी डिसेंबरात कानपूरला जसू पटेल यांनी १४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला लोळवले, त्या विजयात दुसऱ्या डावातील कॉन्ट्रॅक्टर यांच्या ७४ धावा होत्या. जसूभाईंच्या चौदा बळींपुढे त्या धावा विसरल्या गेल्या, हे सलामीवीरांच्या नशिबी नेहमीचेच.

१९६०-६१ साली पाकिस्तानविरुद्ध ते कर्णधार झाले, तेव्हा वय होते २६. भारताचा तोवरचा सर्वांत तरुण कर्णधार. पुढच्याच हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता आणि मद्रास येथील कसोट्या जिंकून भारताने इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदाच मालिका जिंकली. म्हणजे १९६२ च्या आरंभी वेस्ट इंडिजला निघालेला हा कर्णधार पडता काळ पाहणारा नव्हता. तो यशाच्या शिखरावर होता आणि पुढची पाच-सात वर्षे संघ त्याच्याच हाती राहणार, असे मानायला पुरेपूर कारण होते.

चेंडू लागला त्या क्षणाबद्दल दोन हकिकती आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्या दोन्ही जवळ ठेवाव्यात. त्या काळच्या वृत्तान्तांत असे आले की चेंडू उसळेल या अपेक्षेने कॉन्ट्रॅक्टर खाली वाकले आणि चेंडू अपेक्षेइतका उसळलाच नाही. स्वतः कॉन्ट्रॅक्टर यांनी ही हकिकत कधीच मान्य केली नाही. त्यांच्या सांगण्यानुसार त्या बाजूला साइटस्क्रीन नव्हता. चेंडू सुटण्याच्या सुमारास मागे पॅव्हेलियनमध्ये कोणीतरी खिडकी उघडली, नजर क्षणभर तिकडे गेली आणि चेंडू दिसला तेव्हा उशीर झाला होता. साठ वर्षांनंतरही त्यांनी हेच सांगितले आणि ग्रिफिथ यांच्यावर दोष ठेवला नाही. हे विशेष आहे. कारण ग्रिफिथ यांची फेक संशयास्पद असल्याची चर्चा त्या काळी जोरात होती आणि त्याच सामन्यात पंच कॉर्टेझ जॉर्डन यांनी फेकीबद्दल त्यांना नो-बॉल दिला होता. बोट दाखवायला जागा आयती होती.

कॉन्ट्रॅक्टर मैदानातून चालत बाहेर आले. मात्र नाकाकानातून रक्त येत होते आणि थोड्याच वेळात प्रकृती झपाट्याने ढासळली. डोक्याच्या अशा दुखापतीत घात करतो तो आत साचणारा स्राव. कवटी हाडाची, बंद पेटी आहे. आत रक्त साचू लागले की त्याला पसरायला जागा नसते; ते मेंदूला दाबू लागते. अशा वेळी कवटी उघडून दाब मोकळा करणे एवढाच मार्ग उरतो आणि तेथे घटका मोजल्या जातात. बार्बाडोसमध्ये मेंदूचा शल्यविशारद नव्हता. तेथील डॉक्टरांनी आपल्या हिमतीवर पहिली शस्त्रक्रिया केली, त्यानंतर त्रिनिदादहून तज्ज्ञ विमानाने आले आणि दुसरी शस्त्रक्रिया झाली.

रक्ताची गरज होती. पहिला हात पुढे केला तो फ्रँक वॉरेल यांनी, म्हणजे प्रतिस्पर्धी वेस्ट इंडिजच्या कर्णधाराने. त्यांच्यामागोमाग भारतीय संघातून पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्डे यांनी रक्त दिले. दौऱ्यावर असलेले पत्रकार के. एन. प्रभू यांनीही दिले.

ही नावे घाईने वाचून पुढे जाण्याजोगी नाहीत. सोलापुरात वाढलेले पारशी उम्रीगर, नाशिकचे नाडकर्णी, पुण्याच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील बोर्डे आणि बार्बाडोसचा कृष्णवर्णीय वॉरेल. एका पारशी कर्णधाराच्या शरीरात या सर्वांचे रक्त गेले. याचा अर्थ पुरता उमगण्यासाठी मुंबईचे क्रिकेट केवळ सोळा वर्षांपूर्वीपर्यंत कसे खेळले जात होते, हे आठवावे लागते. तेथे संघ धर्मावर उभे असत. युरोपीय आणि पारशी यांच्यातील सामन्यांपासून सुरू झालेली ती स्पर्धा १९०७ साली हिंदूंच्या प्रवेशाने तिरंगी, १९१२ साली मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी झाली. पाचव्या संघाचे नाव होते ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू यांची गणती या ‘उरलेल्यां’त होई.

त्या उरलेल्यांतला सर्वांत मोठा खेळाडू मराठी ख्रिस्तीच होता : सांगलीचे विजय हजारे. १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात ‘द रेस्ट’ फॉलोऑनच्या खाईत सापडले. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. धाकटे बंधू विवेक दुसऱ्या टोकाला तासन्‌तास उभे राहिले, त्यांच्या धावा २१. दोघांच्या भागीदारीत संघाने ३०० ची मजल मारली आणि तरीही सामना गेला. गांधीजींसह अनेकांनी या धर्मवार क्रिकेटला विरोध केला होता. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद पडली. ज्या पिढीने लहानपणी हिंदू, पारशी आणि ‘उरलेले’ अशा पाट्या पाहिल्या, त्याच पिढीतले तरुण १९६२ साली ब्रिजटाउनच्या रुग्णालयात बाह्या वर करून रांगेत बसले होते. त्यांनी त्यावर भाषण केले नाही. रक्तगट जुळतो का, एवढाच प्रश्न त्या रात्री होता.

संघाची धुरा दुसऱ्या दिवशी कोणावर आली, हाही या कथेचा विलक्षण भाग आहे. उपकर्णधार मन्सूर अली खान पतौडी यांचे वय २१ वर्षे आणि ७७ दिवस होते. २३ मार्चला त्याच मैदानावर ते नाणेफेकीला गेले, तेव्हा जगातील सर्वांत तरुण कसोटी कर्णधार ठरले. आणि हा तरुण एका डोळ्याने पाहत होता. आठ महिन्यांपूर्वी, १ जुलै १९६१ रोजी, इंग्लंडमध्ये होव्ह येथे मोटार अपघातात काचेचा तुकडा घुसून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्यांनी कसोटी पदार्पण केले होते, तेही कॉन्ट्रॅक्टर यांच्याच नेतृत्वाखाली. एका अपघातग्रस्ताच्या हातून दुसऱ्या अपघातग्रस्ताकडे नेतृत्व गेले. भारत ती मालिका ०-५ अशी हरला, यात नवल नाही.

कॉन्ट्रॅक्टर वाचले. पण वाचणे आणि बरे होणे यांत अंतर असते. दाब मोकळा करण्यासाठी कवटीचा जो भाग उघडावा लागतो, तेथे पुढे मेंदूवर हाडाचे कवच उरत नाही. वर राहते ती केवळ त्वचा. असा माणूस चालू-बोलू शकतो, मात्र साधा धक्काही त्याच्या जिवावर बेतू शकतो. क्रिकेट तर दूरच. या उघड्या जागेवर झाकण बसवणे हे काम अतिशय नाजूक होते आणि १९६२ च्या भारतात ते करू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. कॉन्ट्रॅक्टर यांना वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेण्यात आले.

येथे थोडे थांबून मागे पाहायला हवे. उत्तर कोकणातल्या वाचकाच्या मनात ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हटला की पोर्तुगीज येतात. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक अंजूरकर यांचे नाव त्याच संदर्भात घेतले जाते. फिरंगी अंमलातील धार्मिक जुलमाविरुद्ध त्यांनी चिकाटीने पेशव्यांकडे धरलेला धोसरा, ‘साष्टीची बखर’, १७३७ ते १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आणि मे १७३९ मधील वसईची शरणागती हे सारे परिचित आहे. तहानंतर मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माने वागण्याची मोकळीक मिळाली आणि वसईच्या गावांतून ती प्रार्थना आजतागायत चालू आहे, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. तलवार आणि इन्क्विझिशन हा एक अध्याय झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो दुसरा अध्याय सुरू झाला तो दवाखान्यांचा होता आणि त्याचा पोर्तुगीज सत्तेशी संबंध नव्हता. महाराष्ट्रात त्याची ठळक खूण मिरजेत आहे, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ साली उभे केलेले मिशन रुग्णालय दूरदूरच्या रुग्णांचे आशास्थान झाले. वेल्लोर हे त्याच परंपरेचे दक्षिणेतले ठाणे.

वेल्लोरची सुरुवात एका नकारापासून झाली. १८७० साली राणीपेट येथे अमेरिकन मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या आयडा स्कडर यांना मिशनरी व्हायचेच नव्हते. तरुणपणी त्या आईवडिलांकडे तिंडिवनमला आल्या असताना एकाच रात्री तीन घरांतले पुरुष दारी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडांना वैद्यकाचे ज्ञान नव्हते. वडील डॉक्टर होते, पण परपुरुष डॉक्टर त्या घरांना चालणार नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेला परतल्या, १८९९ साली डॉक्टर झाल्या आणि १९०० च्या पहिल्याच दिवशी पुन्हा भारतात आल्या. एका खाटेपासून सुरू झालेला दवाखाना १९०२ साली चाळीस खाटांचे रुग्णालय झाला, १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४७ पासून पुरुष विद्यार्थीही घेतले जाऊ लागले. संस्थेचे ब्रीद मार्कच्या शुभवर्तमानातून घेतलेले आहे. आशय असा की येथे यायचे ते सेवा करण्यासाठी, करून घेण्यासाठी नव्हे. आयडा स्कडर मे १९६० मध्ये वारल्या. कॉन्ट्रॅक्टर यांची शस्त्रक्रिया त्यांना पाहता आली नाही.

ती शस्त्रक्रिया केली डॉ. जेकब चंडी यांनी. १९१० साली केरळात जन्मलेले चंडी बहारीनमधील अमेरिकन मिशन रुग्णालयात डॉ. पॉल हॅरिसन यांच्या हाताखाली काम करून कॅनडाला गेले. तेथे मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफील्ड या जगद्विख्यात मेंदूतज्ज्ञाच्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. परदेशात राहून नाव आणि पैसा मिळवणे शक्य होते. चंडी वेल्लोरला आले आणि १९४९ साली त्यांनी भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. तोवर या देशात मेंदूवरील शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग कोठेही नव्हता. पुढे येथेच या शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. भारतीय कर्णधाराच्या कवटीवर धातूची पट्टी बसवणारे हात हे असे घडलेले होते. ती पट्टी बसली नसती, तर पुढच्या कारकिर्दीचा प्रश्नच उद्भवला नसता.

त्या काळी वेल्लोरच्या आवारात चाकाच्या खुर्चीवरून फिरणारी एक डॉक्टरही होती. तिला या कथेतून वगळता येत नाही. कारण ख्रिस्ती श्रद्धा आणि आयुष्य उलथवून टाकणारी दुखापत हे दोन्ही जेथे एकाच देहात एकत्र आले, असे तिच्याइतके स्पष्ट उदाहरण भारतात शोधूनही सापडणार नाही. डॉ. मेरी व्हर्गीस. जन्म १९२५, केरळातील सीरियन ख्रिस्ती कुटुंब, वैद्यकीय शिक्षण वेल्लोरलाच. ३० जानेवारी १९५४ रोजी सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाल्या असताना गाडी उलटली. चेहऱ्यावर खोल जखमा झाल्या आणि पाठीचा कणा दुखावून कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. स्त्रीरोगतज्ज्ञ होण्याची त्यांची आकांक्षा होती. ते काम उभ्याने करायचे. ती वाट त्या दिवशी संपली.

त्यांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात आणले ते डॉ. पॉल ब्रँड यांनी. कुष्ठरोगाने आखडलेली बोटे स्नायूंची जागा बदलून पुन्हा चालती करण्याच्या शस्त्रक्रिया ब्रँड वेल्लोरला करत असत. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. ज्यांना समाजाने शिवायचेही नाकारले होते, त्यांच्या बोटांत चाकाच्या खुर्चीवर बसलेली ही डॉक्टर पुन्हा हालचाल आणू लागली. मेरी येथेच थांबल्या नाहीत. त्या ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्या, पुढे न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि १९६३ साली वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या. अशा प्रकारचा हा देशातील अगदी सुरुवातीचा विभाग. १९६६ साली रुग्णांना राहून उपचार घेता येतील अशी पुनर्वसन संस्था तेथे उभी राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्यांचे निधन झाले. झाडावरून पडलेले मजूर, विहिरीत कोसळलेले शेतकरी, कणा मोडलेले तरुण तेथे येत, आणि त्यांना शिकवणारी डॉक्टर स्वतः उभी राहू शकत नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या ध्यानात येई. उपदेशाची फारशी गरज उरत नसे.

कॉन्ट्रॅक्टर यांची श्रद्धा पारशी होती, मेरी यांची ख्रिस्ती. दोघांची दुखापतही वेगळी. परंतु दोघांनाही एकच अवघड गोष्ट करावी लागली : जे शरीर आता पूर्वीसारखे होणार नाही, त्याच्याशी रोजचा व्यवहार ठरवायचा. मेरी यांच्या बाबतीत प्रश्न पायांचा होता. कॉन्ट्रॅक्टर यांच्या बाबतीत तो अदृश्य होता. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या फलंदाजाने डोक्यात धातू घेऊन, हेल्मेटविना, पुन्हा वेगवान गोलंदाजासमोर उभे राहायचे होते. डॉक्टर हाड जोडून देऊ शकतात. धावत येणाऱ्या गोलंदाजाकडे पाहताना पाय मागे सरकू नये, याची व्यवस्था कोणताही शल्यविशारद करू शकत नाही.

सुमारे दहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये परतले. एखाद-दुसरा निरोपाचा सामना खेळून टाळ्या घ्याव्यात, असा तो परतावा नव्हता. ते १९७०-७१ पर्यंत खेळत राहिले. प्रथम श्रेणीतील त्यांच्या एकूण धावा ८,६११ आणि शतके २२. मात्र कसोटीचे दार पुन्हा उघडले नाही. ३१ कसोट्या, १,६११ धावा, एक शतक : हे आकडे १९६२ साली जेथे थांबले तेथेच राहिले. निवड समितीने पुन्हा संधी द्यायला हवी होती का, यावर वाद घालता येईल. पुन्हा तसाच चेंडू लागला असता तर त्याची जबाबदारी कोणी घेतली असती, हा त्या काळच्या निवडकर्त्यांपुढचा प्रश्नही खोटा नव्हता. तरी, ज्याने सर्वांत कठीण भाग पार पाडला त्याला शेवटची पायरी चढू दिली गेली नाही, ही चुटपुट इतिहासात राहते. नंतरच्या काळात क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या अकादमीत त्यांनी मुलांना शिकवले आणि २००७ साली मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

बाकीच्या पात्रांचे पुढे काय झाले?

रक्त देणारे फ्रँक वॉरेल १३ मार्च १९६७ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी गेले. आजार ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचाच कर्करोग. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्यासाठी प्रार्थनासभा झाली. एखाद्या खेळाडूसाठी तेथे अशी सभा होण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या दौऱ्यातल्या कसोट्यांत भारतीयांना सळो की पळो करून सोडणारे वेस हॉल पुढे बार्बाडोसच्या राजकारणात मंत्री झाले आणि उत्तरायुष्यात पेंटेकोस्टल पंथाचे दीक्षित धर्मोपदेशक बनले. १९९९ साली वेगवान गोलंदाज माल्कम मार्शल कर्करोगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या उशाशी प्रार्थनेला हॉल असत. फलंदाजांच्या छातीवर चेंडू आदळण्यात ज्याने तारुण्य घालवले, तो म्हातारपणी मरणाऱ्यांचे हात धरून बसू लागला. क्रिकेटच्या इतिहासात असे वळण विरळा. ग्रिफिथ यांनी १९६३ च्या इंग्लंड दौऱ्यात कसोट्यांत ३२ बळी घेतले. परंतु फेकीचा संशय आणि ब्रिजटाउनचा तो चेंडू या दोन्ही गोष्टी त्यांच्या नावाला कायमच्या चिकटल्या. जखमी माणसाने दोष दिला नाही, तरी जगाने द्यायचे थांबवले नाही.

आणि पुण्याचे चंदू बोर्डे. १९५९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला, हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांच्यासमोर त्यांनी एकाच कसोटीत १०९ आणि ९६ धावा केल्या होत्या; दुसऱ्या शतकाला चार धावा उरल्या असताना ते स्वयंचित झाले. ते खरे अष्टपैलू होते, लेगस्पिनवर कसोटीत ५२ बळी घेणारे. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्यांची गोलंदाजी जवळजवळ संपली. ही दुखापत जिवावरची नव्हती, वर्तमानपत्रांत तिचे मथळे झाले नाहीत. पण अष्टपैलू खेळाडूचा एक हात काढून घेण्यासारखीच ती होती. बोर्डे निव्वळ फलंदाज म्हणून उभे राहिले. १९६६-६७ साली हॉल आणि ग्रिफिथ यांचा समावेश असलेला वेस्ट इंडिज संघ भारतात आला, तेव्हा बोर्डे यांनी मुंबईत १२१ आणि मद्रासला १२५ धावा केल्या. ज्या गोलंदाजाच्या चेंडूनंतर चार वर्षांपूर्वी रक्त द्यावे लागले होते, त्याच्या संघाविरुद्ध ही दोन शतके आली. ५५ कसोट्या आणि ३,०६१ धावांवर ती कारकीर्द १९६९ साली थांबली. हजारे यांच्यानंतर मराठी ख्रिस्ती समाजाने भारतीय क्रिकेटला दिलेले हे दुसरे मोठे नाव. फरक एवढाच की बोर्डे यांना ‘उरलेल्यां’च्या संघातून खेळावे लागले नाही.

फलंदाजांनी हेल्मेट घालायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यानंतरही धोका संपला नाही. १९९८ साली ढाक्याला जवळ क्षेत्ररक्षण करताना चेंडू डोक्याला लागून रमण लांबा गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. २०१४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचे फिलिप ह्यूज हेल्मेट घालूनही मानेवर चेंडू बसून गेले. तेही डावखुरे सलामीवीर होते. ब्रिजटाउनला रक्ताची आणि विमानाची व्यवस्था काही तास उशिरा झाली असती, तर काय घडले असते, याची कल्पना त्या बातमीने जुन्या वाचकांना दिली.

कलकत्त्याच्या क्रिकेट संघटनेने १९८१ पासून ३ फेब्रुवारी हा फ्रँक वॉरेल दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी रक्तदान शिबिर भरते, हजारोंच्या संख्येने लोक येतात आणि रक्तदात्यांना मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर कॉन्ट्रॅक्टर यांची स्वाक्षरी असे.

डॉ. चंडी यांनी बसवलेली पट्टी साठ वर्षे जागची हलली नाही. तिच्यावरची त्वचा मात्र वयोमानाने विरत गेली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये, ८८ व्या वर्षी, मुंबईत शस्त्रक्रिया करून ती काढण्यात आली. तोवर डॉ. चंडी यांच्या निधनालाही पंधरा वर्षे होत आली होती. शस्त्रक्रियेनंतर कॉन्ट्रॅक्टर घरी परतले.